मुकुटातली कापसाची पट्टी

"दिनकर हाय काय?"

आमच्या दुकानाची पायरी चढणारा माणूस पहिल्यांदा हेच विचारायचा. मी समोरच बसलेला असायचो. माझ्या हातात त्याच्याच मंडळाचा अंगरखा असायचा, बंद लावून तयार. तरी त्याची नजर माझ्या डोक्यावरून थेट आत. मग मी म्हणायचो, "हाय की, आत हाय," आणि माझ्या पोटात दुखायला लागायचं. हे दुखणं मी दहा-अकरा वर्षं काढलं. संपादकांनी मला धंद्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्यात. गमती पोत्यानं आहेत, पण लिहायला बसलं की मला एकच आठवते, आणि ती गंमत आहे की नाही ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

आधी धंदा सांगतो. कोल्हापुरात आम्हाला ड्रेपरीवाले म्हणतात. नाटकाचे, मिरवणुकीचे, शाळेच्या गॅदरिंगचे पोशाख भाड्यानं द्यायचे. शिवजयंतीला मावळे, गणपतीत सजीव देखाव्यांना देव आणि राक्षस, थंडीत शाळांना पऱ्या आणि पोपट. लोकांना वाटतं, कपडे दिले की आमचं काम संपलं. पण नाटकाचा पोशाख असला की त्याच्यासोबत माणूस जातो. तो चढवतो, आवळतो, टाचतो आणि पडदा पडला की उतरवून पेटीत भरतो. नट म्हणजे दिवसा बँकेत बसणारा किंवा दूध संकलनावरचा माणूस असतो. त्याचा राजा आम्ही करतो. अंगरख्याचा मागचा बंद दोन बोटं जास्त आवळला की कुणीही छाती काढून चालतो, ही विद्या मला येत होती आणि मला तिचा अभिमान होता.

मुकुटाची तऱ्हा वेगळी. भाड्याचा मुकुट सगळ्या डोक्यांना बसावा म्हणून मुद्दाम मोठा करतात. मग ज्याचं डोकं असेल त्याच्या मापानं आतल्या बाजूला कापसाची पट्टी बसवायची. जाड कापूस, वर मऊ फडकं, चार टाके. मुकुट चढवला की नटाला तीनदा मान हलवायला लावायची: एकदा खाली, एकदा बाजूला, एकदा वर. तो हलला नाही तर पोशाखवाल्यानं "घट्ट" म्हणायचं, आणि तेवढं म्हटलं की पुढची सगळी जबाबदारी त्याची. रंगमंचावर मुकुट पडला तर दोष नटाला कुणी देत नाही. कुणी "घट्ट" म्हटलं होतं, एवढंच विचारतात.

दुकानाचे मालक आप्पा. त्यांना मूलबाळ नव्हतं. दुकानात आम्ही दोघं, मी आणि दिनकर. मी कोडोलीचा, शिवणकाम शिकून आलेला आणि दिनकरच्या आधी दीड वर्षं लागलेला. ते दीड वर्ष मी कुणालाही विसरू दिलं नाही. दिनकर हुपरीचा. त्याच्या घरात तीन पिढ्या चांदीचे पैंजण घडत होते, त्यामुळे पत्रा त्याच्या हातात लोण्यागत वागायचा. मी एक कंबरपट्टा दिवसभर घासून चकचकीत करावा आणि त्यानं जेवणाच्या सुट्टीत पितळेच्या तुकड्यावर अशी वेल उमटवावी की आप्पांनी चष्मा वर करून म्हणावं, "दिन्या, हात हाय का काय हाय रं तुझा?" माझ्या हाताबद्दल आप्पा कधी काही म्हणाले नाहीत. माझ्याबद्दल म्हणायचे, "सदा हाय म्हणून दुकान उघडतंय." हे कौतुक मला वॉचमनचं वाटायचं.

आप्पा थकत चालले होते आणि दुकान कुणाच्या हाती जाणार ही चर्चा आमच्या गल्लीत चहाच्या गाड्यावर चालायची. मला ते दुकान हवं होतं. आडपडदा कशाला ठेवू, मला ते इतकं हवं होतं की आप्पा खोकले तरी मी आधी दिनकरकडे बघायचो, त्यानं ऐकलं का म्हणून.

त्या वर्षी एका कॉलेजच्या सरांनी नाट्यस्पर्धेसाठी नाटक घेतलं. एका जुन्या इंग्रजी शोकांतिकेवरून त्यांनी ते मराठीत उतरवलं होतं. गोष्ट साधी. राजाचा एक शूर सेनापती असतो. राजा त्याच्या घरी पाहुणा म्हणून येतो. सेनापती त्याला झोपेत मारतो आणि गादीवर बसतो. एकदा बसला की मात्र त्याला प्रत्येक माणूस आपल्या गादीवर डोळा ठेवून आहे असं वाटायला लागतं आणि मग तो मारतच सुटतो. त्याची बायको त्याला सुरुवातीला डिवचते. माझी बायको मंगल हिनं मला कधी डिवचलं नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. नाहीतर गल्लीतले लोक उगाच तिच्याकडे बघत बसतील. मला डिवचायला कुणी लागलंच नाही.

मापं घ्यायला आम्ही तालमीला जायचो. सर नटांना समजावून सांगायचे की ह्या माणसाकडे सगळं होतं, मान होता, राजाचा विश्वास होता, तरी त्याचं भागलं नाही. बाकीचे माना डोलवायचे. मी मात्र मनात म्हणायचो, मान होता म्हणे! राजानं त्याला सेनापती केलं म्हणजे काय, दुकान उघडायलाच ठेवलं होतं की! मला त्या सेनापतीचं सगळं पटत होतं.

सरांना राजाचा मुकुट खास हवा होता. "कुठल्याच काळाचा वाटता कामा नये," म्हणाले. मी कपाटातले चार काढून दाखवले. त्यांनी बघितल्यासारखं केलं आणि विचारलं, "दिनकर आहे का?"

दिनकरनं पितळेचा नवा मुकुट घडवला. जड, उंच, वरून काटेरी आणि खालून नितळ. खोटं कशाला बोलू, तसला मुकुट मी पुन्हा बघितला नाही. मी तो हातात घेतला आणि म्हणालो, "बरा झालाय, पर जड हाय." दिनकर म्हणाला, "व्हय की, म्हणून पट्टी दोन बोटं जाड घातलिया."

स्पर्धेचा प्रयोग संध्याकाळचा होता. पहिल्या अंकाआधी दिनकरनं मुकुट सेनापतीचं काम करणाऱ्या नटाच्या डोक्यावर ठेवला. तो नट बँकेत कॅशियर होता. दिनकरनं त्याच्याकडून तीनदा मान हलवून घेतली आणि "घट्ट" म्हणाला. मग मुकुट विंगेतल्या टेबलावर ठेवला, कारण तो दुसऱ्या अंकात दरबारात चढवायचा होता. मध्यंतरात दिनकर दुसऱ्या एका नटाची कट्यार अडकवत होता. टेबलापाशी मी एकटा होतो. चार टाके. माझ्या खिशात कात्री कायमच असायची. पट्टी निघाली, ती मी खिशात कोंबली. सगळ्याला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. त्या क्षणी मला भीती वाटली नाही की वाईट वाटलं नाही. नागपंचमीला झोका वर जाताना पोटात होतं तसं झालं, एवढंच आठवतं.

दरबार सुरू झाला. प्रधानानं मुकुट चढवला आणि तो सरळ भुवयांवर येऊन बसला. मी विंगेतून लोकांच्या हसण्याची वाट बघत होतो. कॅशियरनं मुकुट वर सारला. तो पुन्हा खाली आला. त्यानं परत सारला. मग त्यानं एका हातानं तो धरला आणि सोडलाच नाही. एका हातानं मुकुट सावरत, दुसऱ्या हातात तलवार घेऊन, तिरकं तिरकं बघत त्यानं सगळा प्रवेश केला. दरबारातल्या माणसानं नुसती मान वळवली तरी हा मुकुट अजून घट्ट धरायचा. थिएटर चिडीचूप झालं. कुणी खोकत नव्हतं. हसायचं सोडा, माझ्याच अंगावर काटा आला.

पडदा पडताच सर धावत आत आले आणि त्यांनी दिनकरला मिठी मारली. "अरे, काय सुचलं तुला! चोरलेला मुकुट डोक्यात बसतच नाही! मला का सांगितलं नाहीस आधी?"

दिनकर बिचारा गोंधळला. "म्या न्हाय केलं सर. पट्टी घातलीती म्या. सुटून पडली आसंल कुठंतर."

"बघा, असा असतो कलावंत," सर सगळ्यांना म्हणाले. पट्टी माझ्या उजव्या खिशात होती.

करायला गेलो गणपती, झाला मारुती. वेशभूषेचं पारितोषिक दिनकरला. पेपरात नाटकाबद्दल जे चार परिच्छेद आले, त्यातला एक पूर्ण मुकुटावर. चहाच्या गाड्यावर लोक मला थांबवून सांगायचे, "तुमच्या दिनकरनं काय डोकं चालवलंय!" त्या मुकुटातली ती एकच गोष्ट माझी होती आणि ती मला कुणापुढं सांगता येत नव्हती. एखाद्यानं चोरी करावी आणि चोरलेला माल दुसऱ्याच्या घरी जाऊन पडावा, तसं माझं झालं. पुढच्या फेरीला तर कळस झाला. सरांनी सांगितलं, पट्टी नकोच. दिनकर म्हणाला, "सदा, तूच काढ बाबा, माझ्या हातानं पट्टी काढवत न्हाय." म्हणजे आधी चोरून केलेलं काम मी सगळ्यांच्या देखत केलं आणि त्याबद्दलही टाळ्या त्यालाच मिळाल्या.

आता मी गप्प बसलो असतो तर हा लेख इथंच संपला असता आणि गमतीदार झाला असता. पण आप्पांनी पारितोषिकाचं मानचिन्ह दुकानात, गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर ठेवलं. मी बसायचो त्याच्या बरोबर वर. लोक माझ्या डोक्यावरून आत बघायचे, ते आता माझ्या डोक्यावर बघायला लागले.

आमच्या धंद्यात मापांची वही असते. कुठल्या गावच्या कुठल्या नटाचं माप काय, कुठला पोशाख कसा बेतलाय, सगळं तिच्यात. ती वही दुकानाचा उंबरा ओलांडत नाही, हा सगळ्या ड्रेपरीवाल्यांचा नियम. पूर्वी एका कामगारानं आप्पांची जुनी वही घरी नेऊन उतरवून घेतली होती आणि स्वतःचं दुकान टाकलं होतं. तेव्हापासून वहीचं नाव काढलं तरी आप्पांचा आवाज चढायचा. त्या सुमारास वहीची पानं सुटायला लागली होती. एका शनिवारी दिनकर मला म्हणाला, "घरी नेऊन बांधून आणू काय? आप्पांना सांगावं म्हणतो, पर ते झोपल्यात." मी म्हणालो, "ने की. म्या सांगतो."

आणि मी सांगितलं. रविवारी आप्पांच्या घरी गेलो आणि म्हणालो, वही दिनकरच्या घरात आहे. हे खरं होतं. मग म्हणालो, तो स्टँडकडे गाळा बघत होता असं कानावर आलंय. हे खोटं होतं. आप्पांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग एवढंच म्हणाले, "दिन्या बी?"

सोमवारी दुकानात थांबायची माझी छाती झाली नाही. चंदगडच्या एका वाडीत जत्रेचं नाटक होतं. तिकडं जायची पाळी दिनकरची होती, ती मी मागून घेतली. पेटी एसटीच्या टपावर टाकली आणि पहाटेच निघालो. त्या नाटकात गावच्या एका पुढाऱ्यानं राजाचं काम घेतलं होतं. आदल्याच महिन्यात तो निवडणुकीत पडला होता. नाटक झालं, सगळ्यांनी पोशाख उतरवले, हा काही उतरवेना. सकाळी मी घरी गेलो तर अंगरखा, शेला, मुकुट घालून पुढच्या सोप्यात बसलेला.

"पावणं, पोशाख द्या की, गाडी चुकंल माझी," मी म्हणालो.

"देतो की. घाई काय हाय? काजू खावा," तो म्हणाला आणि बायकोला हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला, अगदी दरबारात सांगावा तसा. ती आतूनच ओरडली, "चा तुमीच ठेवा महाराज, मी म्हशीकडं चाललेय." दुपारपर्यंत तो तसाच बसून होता. एरवी मी वैतागलो असतो. त्या दिवशी मी त्याच्यासमोर बसून मुकाट काजू खात राहिलो. मलाही परत जायचं नव्हतं.

बुधवारी दुकानात आलो. वही जागेवर होती, लाल कापडात नव्यानं बांधलेली, टाके एकसारखे. दिनकर नव्हता. आप्पांनी त्याला पायरीवरूनच परत पाठवलं होतं, बोलूही दिलं नव्हतं. मंगलनं मला घरी विचारलं, "भाऊजींनी खरंच गाळा बघितलाता?" मी व्हय म्हणालो. तिनं ताट वाढलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

दसऱ्याला आप्पांनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या. मी जिंकलो असं मला वाटलं आणि ते वाटणं चांगलं दोन-तीन महिने टिकलं. मग एक नवीन कामगार फेटा माझ्यापेक्षा सुबक बांधतो असं दिसलं आणि मी त्याला धुण्याच्या कामावर टाकलं. दुसरा गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा, त्याला गोदामात बसवलं. मापांची वही मी उशाशी घेऊन झोपायचो. प्रत्येक मुकुट मी स्वतः चढवायचो, "घट्ट" म्हणायचा हक्क मी कुणाला दिलाच नाही. पंचवीस वर्षांत माझ्याकडे एकही माणूस तीन वर्षांच्यावर टिकला नाही, आणि जो जाईल त्याच्याबद्दल मी म्हणायचो, बघा, मला ठाऊकच होतं. दिनकरच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली होती. मी गेलो नाही. गुडघे गेले, पोशाख ऑनलाइन मिळायला लागले, गेल्या वर्षी मी दुकान बंद केलं. पोशाख वाटून टाकले. दुकान घ्यायला दुसरा माणूस तयारच केला नव्हता.

ह्या उन्हाळ्यात नातीला पैंजण घ्यायचं निमित्त काढून हुपरीला गेलो. दिनकरचं घर विचारत विचारत सापडलं. पुढच्या खोलीत तो खाली मान घालून पैंजणाच्या कड्या डाग देऊन सांधत बसला होता.

"या पावणं," मान वर न करता म्हणाला. मग वर बघितलं. "आरं सदा! लेका, जित्ता हाईस व्हय!"

त्यानं मला हाताला धरून खुर्चीत बसवलं, पंखा माझ्याकडे वळवला. सुनेला चहा सांगितला आणि "माझा दोस्त हाय, दुकानातला," असं तिला दोनदा सांगितलं. मी म्हणालो, "दुकान बंद केलं रं." त्याला खरंच वाईट वाटलं. मग हसून म्हणाला, "तुला म्हणून सांगतो. ते बक्षीस मिळालं न्हवं का, तवा आप्पांनी मला इचारलंतं, दुकान घेतूस का म्हणून. म्या म्हणलं, मला नगं. मला गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलता येत न्हाईत. सदाला द्या, म्हणलं. त्यो जीव टाकतोय दुकानावर. आप्पा म्हणालं, बरं, दसऱ्याला देतो त्याच्या हातात किल्ल्या, तवर त्याला सांगू नगंस."

मी हातातली कपबशी खाली ठेवली.

"आरं, मला तुझा लई हेवा वाटायचा," तो म्हणाला, इतक्या सहज की जणू हवापाण्याबद्दल बोलतोय. "तू भाईर बसून बोलायचास, म्या आतनं ऐकत बसायचो. वाटायचं, ह्येला कसं जमतंय?"

त्यानं एक पैंजण पाण्यात टाकला, चर्र आवाज झाला. मग तो म्हणाला, "आप्पांनी पुढं आठ दिसात मला का काढलं ते मातर मला आजपतूर कळलं न्हाय. वहीवरनं कायतरी झालं. तू नेमका चंदगडला गेलतास. तू हितं असतास तर सांगिटलं असतंस की त्यास्नी, वही म्या कशाला नेलती ते."

मी म्हणालो, "व्हय. सांगिटलं असतं."

तो मान डोलावून पुन्हा कामाला लागला. पंचवीस वर्षं हा माणूस माझ्याबद्दल हे धरून बसला होता आणि सुखानं पैंजण घडवत होता. मला त्याचा हेवा वाटला, आधी कधी वाटला नव्हता इतका. मी कपटानं मिळवलेलं दुकानसुद्धा त्यानंच मला देऊन टाकलेलं होतं. एवढं एक तरी माझं स्वतःचं असावं, तर तेही नाही.

निघताना त्यानं नातीच्या पैंजणाला दोन घुंगरं जास्त बसवली आणि स्टँडपर्यंत सोडायला आला. एसटी सुटेपर्यंत खिडकीखाली उभा होता. पाच मिनिटं तरी गाडी उभी होती आणि खिडकी उघडीच होती. मला तोंडानं सांगता आलं नाही, म्हणून हे लिहून दिलंय. हा अंक हुपरीला जातो, हे मी आधी संपादकांना विचारून घेतलं.